अपत्य, वय एकसष्ट

सुट्टी पाच दिवसांची होती आणि तिची तयारी एकोणीस दिवस चालली होती. एवढ्यावरून ती आखणारा माणूस सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला असणार, हे जाणकारांनी ओळखलं असेलच.

त्या माणसाला त्या परक्या शहरात सगळे 'बाईंचे मिस्टर' म्हणत. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. आयुष्यभर शिवणवर्ग चालवून झाल्यावर त्या एका संस्थेमार्फत वर्षभरासाठी स्वयंसेविका म्हणून इथे आल्या होत्या आणि महिला केंद्रात अकरा बायकांना कटिंग आणि शिवण शिकवत होत्या. मिस्टर त्यांच्याबरोबर आले होते. का आले, तर बाई आल्या म्हणून. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं आवक-जावकचं टेबल सांभाळलेला हा माणूस. ज्याच्या शिक्क्याशिवाय एक कागद इकडचा तिकडे होत नसे, तो आता सकाळी भाजी आणायचा, दुपारी कपडे वाळत घालायचा आणि रस्त्यात कुणी भेटलं की "अरे, बाईंचे मिस्टर ना?" एवढ्यावर समाधान मानायचा. मानायचा म्हणजे तसं दाखवायचा.

सात महिन्यांत बाईंनी एकही रजा घेतली नव्हती. रविवारी सुद्धा कुणीतरी बाही नीट बसत नाही म्हणून घरी यायचं. परवा तर जेवताना घास हातात धरून त्यांचा डोळा लागला होता. म्हणून केंद्राची फरशी बदलायची आहे आणि पाच दिवस कुलूप राहणार आहे असं कळलं, तेव्हा मिस्टर खुर्चीतून ताडकन उठले.

"या वेळी सगळं मी ठरवणार," ते म्हणाले. "तू फक्त पिशवी घेऊन बोटीत बसायचं."

"कुठल्या बोटीत?" बाईंनी विचारलं.

तोपर्यंत तेही ठरलं नव्हतं. पण बोट हा शब्द तोंडातून निघाला होता आणि मिस्टर शब्दाचे पक्के होते. बंदरातून अडीच तासांवर एक बेट होतं, त्यावर दीपगृह होतं आणि एक अतिथीगृह होतं. चौतीस वर्षांच्या संसारात प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं, प्रत्येक प्रवास बाईंनी आखला होता आणि मिस्टर सामान मोजत मागून चालले होते. आता पाळी त्यांची होती. त्या रात्री त्यांनी वहीवर 'बेट' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या, शेजारी एक दीपगृह काढलं, आणि सहलीला निघालेल्या लहान मुलासारखे एकोणीस दिवस ते पान उघडून बघत राहिले.

त्यांच्या वरच्या मजल्यावर मालवाहू जहाजांवर उमर काढलेले एक कप्तान राहत आणि खालच्या मजल्यावर घरमालकीण. या दोघांचं जिन्यातल्या एका कुंडीवरून बिनसलं होतं, ते सहा वर्षं बोलत नव्हते. त्यामुळे दोघांचेही सल्ले मधल्या मजल्यावर येऊन साचत.

"बोटीत चढण्याआधी पोटभर खायचं," कप्तान म्हणाले. "रिकामं पोट म्हणजे रिकामं पिंप. लाटेबरोबर गडगडतं."

मिस्टरांनी लिहून घेतलं. खाली उतरले तर घरमालकीण दारातच.

"वरच्याने खायला सांगितलं असेल. त्याचं ऐकाल तर बोटभर ओकाल. घोटभर पाणी, बस. आणि उशी आपली घ्या. तिथल्या उशा ओल्या असतात."

"उशी?" कप्तान संध्याकाळी म्हणाले. "बोटीवर उशी घेऊन जाणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. लोकरी टोपी घ्या. वारं कानातून शिरतं."

शेवटी दोघांचाही मान राखायचा म्हणून मिस्टरांनी उशी घेतली, टोपी घेतली, लिंबं घेतली, कोरडी बिस्किटं घेतली, बॅटरी, शिट्टी, दोरी आणि इस्त्री घेतली. इस्त्री कुणीच सुचवली नव्हती. ती त्यांची स्वतःची कल्पना होती.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग परवानगी आली. परदेशी माणसाला शहराबाहेर दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं असेल तर रहिवास कार्यालयातून चिठ्ठी लागते, असं संस्थेने कळवलं. बाई काळजीत पडल्या. मिस्टरांच्या मात्र अंगात वीज संचारली. सात महिन्यांनी त्यांना एका कार्यालयात, एका खिडकीशी, एका अर्जानिशी उभं राहायची संधी मिळत होती. त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि सगळ्या कागदांच्या तीन तीन प्रती करून, निघायच्या दोन दिवस आधी ते रांगेत उभे राहिले.

खिडकीत जाड चष्म्याचा एक तरुण कारकून होता. त्याने अर्ज पाहिला, क्रमाने लावलेल्या प्रती पाहिल्या आणि मान किंचित हलवली. ती दाद होती. मिस्टरांना ती बरोब्बर कळली. मग त्याने संगणकात नंबर टाकला.

"अपत्य कुठे आहे?" त्याने विचारलं.

"कुणाचं अपत्य?"

"नोंदीत एक स्वयंसेविका आहे आणि एक अपत्य. अपत्याला आणावं लागेल. फोटो जुळवायचा असतो."

"आमची मुलगी मायदेशी असते. तिला स्वतःचा संसार आहे."

"मुलगा आहे," कारकून पडद्याकडे बघत म्हणाला. मग त्याने मिस्टरांकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "मिशी आहे याला."

मिस्टरांनी वाकून पडदा पाहिला. त्यांचाच फोटो होता. नाव त्यांचंच होतं. वय एकसष्ट, हेही बरोबर होतं. नातं: अपत्य.

चौकशीअंती असं निघालं, की नोंद करताना लग्नाच्या दाखल्याचं अधिकृत भाषांतर जोडलेलं नव्हतं. ते जोडल्याशिवाय 'पती' हा रकाना उघडत नाही. आणि 'सोबत येणारी व्यक्ती' या सदराखाली दुसरा एकच रकाना असतो.

"पण वय तरी बघा!" मिस्टर म्हणाले.

"वयाचा रकाना वेगळा आहे."

"दुरुस्ती?"

"पंचेचाळीस दिवस. मूळ दाखला, भाषांतर, भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र."

आता खरी पंचाईत अशी, की मिस्टरांना भांडताच येईना. मनातल्या मनात त्यांनी त्या खुर्चीत स्वतःला बसवून पाहिलं, आणि त्यांनीही हेच, याच शब्दांत सांगितलं असतं. किंबहुना पंचेचाळीस दिवस म्हणजे जरा लवकरच होते.

"एक मार्ग आहे," कारकून आवाज खाली आणून म्हणाला. "अपत्य पालकाबरोबर प्रवास करू शकतं. पालकाचं संमतीपत्र लागेल."

मिस्टर तो कागद घेऊन केंद्रात गेले. वर्ग भरात होता, मशिनी खडखडत होत्या. त्यांनी बाईंना बाजूला बोलावलं, पण त्या केंद्रात बाजू अशी नव्हतीच. बाईंनी गळ्यातली टेप सावरून कागद वाचायला घेतला, आणि शिकवायची सवय असल्यामुळे मोठ्याने वाचला.

"मी, खाली सही करणारी, माझ्या अपत्यास प्रवासास नेण्यास संमती देते. मी त्याच्या खाण्यापिण्याची आणि झोपेची काळजी घेईन. त्यास पाण्याजवळ एकटे सोडणार नाही..."

पुढचं त्यांना वाचता येईना. टेप तोंडावर धरून त्या मटकन खाली बसल्या. अकरा मशिनी थांबल्या. काय झालं ते एकीला कळलं, तिने दुसरीला सांगितलं, आणि मग सगळ्या केंद्रात जो हशा पिकला तो रस्त्यापर्यंत गेला असावा. मिस्टर कॉलर ताठ करून उभे होते. पण बाईंना असं हसताना त्यांनी किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्यांना राग यायला हवा तेवढा आला नाही.

"कर सही," ते म्हणाले. "बोट परवा सकाळी आहे."

बोटीवर जायच्या फळीशी खलाशी यादी घेऊन उभा होता. चिठ्ठीवरची नोंद बोटीच्या यादीत गेली होती, आणि यादीत एक प्रौढ, एक अपत्य होतं.

"अपत्याला जाकीट घालावं लागेल," खलाशी म्हणाला. "पूर्ण प्रवासभर. नियम आहे."

"मी एकसष्ट वर्षांचा आहे."

"ते मला दिसतंय हो. पण धक्क्यावरचा साहेब यादी बघतो, माणूस बघत नाही."

जाकीट नारिंगी होतं आणि आठ ते बारा वयोगटाचं होतं. मिस्टरांच्या छातीवर ते बाळाच्या लाळेऱ्यासारखं बसलं. पट्टे पाठीमागे पोचेनात म्हणून बाईंनी पिशवीतली दोरी काढून बांधलं. समोरच्या बाकावर खरोखरच नऊ वर्षांची एक मुलगी तसंच जाकीट घालून बसली होती. तिने मिस्टरांकडे सहानुभूतीने पाहिलं.

पण बोट धक्क्यापासून सुटली मात्र, मिस्टर सगळं विसरले. कप्तानांच्या म्हणण्याप्रमाणे ते पोटभर जेवले होते, घरमालकिणीच्या म्हणण्याप्रमाणे बाई उपाशी होत्या, आणि दोघांनाही काही झालं नाही. त्यामुळे जिन्यातला तो वाद कायमचा अनिर्णित राहिला. मिस्टर टोपी कानावर ओढून बोटीच्या नाकाशी जाऊन उभे राहिले. पाणी तोंडावर उडत होतं. पक्षी बोटीबरोबर धावत होते. आणि दीड तासाने धुक्यातून एकदम दीपगृह वर आलं, पांढरं, उभं, अगदी वहीत काढलं होतं तसं!

"अगं, दिसलं! दिसलं!" ते ओरडले. पण वाऱ्यात बाईंना ऐकू जाईना. जाकिटाला शिट्टी लावलेली होती. मिस्टरांनी ती तोंडात धरली आणि जीव खाऊन वाजवली.

बोट थांबली. यंत्र बंद झालं. खलाशी धावत आला. एका कोपऱ्यात कुणीतरी किंचाळलं. शिट्टीचा अर्थ 'माणूस पाण्यात पडला' असा असतो, हे जाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलेलं होतं, पण जाकिटाची आतली बाजू मिस्टरांच्या पोटावर दाबून बसली होती. त्रेचाळीस प्रवाशांची दोनदा मोजणी झाली. दोन्ही वेळा त्रेचाळीस भरले.

"कुणी वाजवली?" खलाशाने विचारलं.

नऊ वर्षांच्या मुलीने बोट दाखवलं.

"बाई," खलाशी बाईंना म्हणाला, "तुमच्या अपत्याला जरा जवळ बसवा."

बेट मात्र वहीतल्यापेक्षा देखणं निघालं. एकच रस्ता, त्याच्या एका टोकाला धक्का, दुसऱ्या टोकाला दीपगृह आणि मध्ये निळ्या दारांचं अतिथीगृह. तिथल्या मालकीणबाई गोल, हसतमुख आणि कंबरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेल्या होत्या. त्यांनी मोठ्या कौतुकाने खोली उघडून दाखवली. एक एकट्याचा पलंग होता. त्याच्या शेजारी कठडा लावलेला एक छोटा पलंग होता, त्यावर सशांची चादर होती.

"छोट्यासाठी माळ्यावरून काढला मुद्दाम," त्या म्हणाल्या आणि इकडेतिकडे बघू लागल्या. "कुठे आहे?"

मिस्टरांनी सामानातून स्वतःची उशी काढली. दुसरी खोली रिकामी नव्हती. चार रात्री ते जमिनीवर गादी टाकून झोपले आणि सशांची चादर पांघरली, कारण दुसरी नव्हती.

दुसऱ्या दिवसासाठी वहीत वेळापत्रक होतं. सव्वासहाला किनाऱ्यावर फेरी, सातला चहा, साडेसातला 'निवांतपणा'. निवांतपणा साडेनऊपर्यंत होता. पण सकाळी मालकीणबाई दारात आल्या. मुलांसाठी किनाऱ्यावर वाळूकामाची स्पर्धा होती आणि ज्यांच्या नोंदीत अपत्य होतं त्यांची नावं आपोआप घातली गेली होती.

"मी जाऊन नाव काढून येतो," मिस्टर म्हणाले. "पाच मिनिटं."

ते अडीच तासांनी परत आले. गुडघ्यापर्यंत वाळू, हातात एक कागद. झालं असं, की नाव काढायला गेले तेव्हा एक मुलगा वाळूत कालवा खणत होता आणि कालव्याचा उतार उलटा होता. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं त्यांनी कालव्यांचे कागद इकडून तिकडे केले होते, पण कालवा म्हणून कधी एक हात खणला नव्हता. उलटा उतार बघून त्यांना राहवेना. आधी उतार दुरुस्त केला. मग शेजारी स्वतःचा काढला. मग मुख्य कालवा, दोन शाखा, शिंपल्यांची दारं, आणि समुद्राचं पाणी चक्क वाळूतल्या शेवटच्या शेतापर्यंत पोचलं. एवढं करून दुसरा क्रमांक! पहिला कुणाला, तर सहा वर्षांच्या मुलीने केलेल्या एका कासवाला.

"कासव!" मिस्टर जिना चढता चढता बोलत होते. "निकष काय? मी परीक्षकांना विचारलं, निकष लेखी द्या. अगं, ऐकतेस का?"

खोली रिकामी होती. बाई खाली सापडल्या. मालकीणबाईंच्या शिवणयंत्रावर. शेजारी पडद्यांचा ढीग होता.

"एकच पडदा उसवला होता," बाई मान न उचलता म्हणाल्या. "मग त्यांनी बाकीचे दाखवले."

"तू सुट्टीवर आहेस!"

"हो हो. हे झालं की आलेच."

हे झालं की उशांचे अभ्रे निघाले. अभ्र्यांनंतर टेबलावरची कापडं निघाली. तिसरा दिवस पूर्ण त्यात गेला. मालकीणबाई धन्य धन्य झाल्या, जेवणाला दुप्पट वाढू लागल्या आणि गावातल्या दोन बायकांना बाही कशी बसवतात ते बघायला घेऊन आल्या. मिस्टर दारात उभे राहून वेळापत्रकावर काट मारत होते. एवढा खटाटोप करून आणलेली सुट्टी त्यांच्या डोळ्यांदेखत शिवणवर्ग होऊन बसली होती. आणि मान वळवताना बाई खांदा कसा दाबून धरतात, तेही त्यांना दारातून दिसत होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी सकाळीच मशीनवर झाकण ठेवलं आणि त्यावर आपली टोपी ठेवली.

"दीपगृह," ते म्हणाले. "आत्ता."

दीपगृहाच्या दारात रखवालदार होता. त्याने चिठ्ठी मागितली. एव्हाना मिस्टरांना पुढचं पाठ झालं होतं. त्यांनी आपणहून सांगितलं, "अपत्य मीच."

"असाल," रखवालदार गंभीरपणे म्हणाला. "जिना अरुंद आहे, कठडा एकाच बाजूला आहे. अपत्याने पालकाचा हात धरूनच चढायचं. खालून मी बघतो."

एकशे बेचाळीस पायऱ्या होत्या. चौतीस वर्षांच्या संसारात त्या दोघांनी चारचौघांत एकमेकांचा हात धरला नव्हता. लग्नात धरला होता, पण तोही भटजींनी सांगितलं म्हणून. आता सांगणारा एक रखवालदार होता. पहिल्या वीस पायऱ्या दोघंही भिंतीकडे बघत चढले. चाळिसाव्या पायरीवर बाई म्हणाल्या, "हात किती गार पडलाय तुमचा." सत्तराव्या पायरीवर थांबून दोघांनी श्वास घेतला, तेव्हा हात सोडायची सोय होती. कुणी सोडला नाही. शंभराव्या पायरीनंतर मिस्टर पायऱ्या मोजायचं विसरले, आणि त्यांच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हती.

वर चहूबाजूंनी समुद्र होता. वारा एवढा, की बोललेलं उडून जावं. बाईंनी उडणारा पदर कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "संस्थेचं पत्र आलंय. मी आणखी एक वर्ष राहावं म्हणतात. परत गेल्यावर कळवायचंय."

"कधी आलं?"

"झाले पंधरा दिवस."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही कॅलेंडरवर रोज एक फुली मारता. सकाळी उठल्या उठल्या. मी बघते ना."

मिस्टर कठड्याला धरून उभे राहिले. खाली त्यांचा कालवा भरतीत कधीच वाहून गेला होता.

"तिकडे लोक मला नावाने ओळखतात," ते शेवटी म्हणाले. "वाण्यापासून पोस्टमनपर्यंत. इकडे मी... इकडे माझं काय आहे?"

"खरंय," बाई म्हणाल्या. "नाही म्हणून कळवते."

त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं, की मिस्टरांना ते टोचलं. भांडल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं. उतरताना दोघंही पायाखाली बघत होते.

पाचव्या दिवशी वारा खवळला. सकाळची बोट आलीच नाही. दुपारची येईल, असं धक्क्यावरचा माणूस म्हणाला, पण एकच येईल. दोन बोटींचे प्रवासी एका बोटीसाठी धक्क्यावर जमले. सामान, मुलं, पिंजऱ्यातली एक मांजर, आणि प्रत्येकाचं म्हणणं असं की आपण सर्वांत आधी आलो. एक पोट सुटलेले गृहस्थ फळीच्या जागेवर पाय रोवून उभे होते. दोन कुटुंबं एकाच बाकासाठी हमरीतुमरीवर आली होती. एक आजीबाई कडेला आपल्या ट्रंकेवर बसून रडवेल्या झाल्या होत्या, आणि गर्दी एकेक पाऊल पाण्याकडे सरकत होती.

मिस्टर हे पाच मिनिटं बघत राहिले. मग त्यांच्या तोंडून तेहतीस वर्षांचा मुरलेला आवाज बाहेर पडला.

"एकेकाने या! आधी नाव, मग तक्रार!"

भाषा मोडकी होती, पण आवाज मोडका नव्हता. गर्दी थबकली. मिस्टरांनी मासळीचं एक रिकामं खोकं उलटं केलं, त्यावर वही ठेवली, दुसऱ्यावर बसले आणि पेनाचं टोपण काढलं.

"तुम्ही कधी आलात? साडेआठला? साक्षीदार? बरं. क्रमांक चार. हा कागदाचा तुकडा जपून ठेवा. आजी, तुम्ही सर्वांत आधी होतात ना? मी पाहिलंय. क्रमांक एक. मांजर मोजली जाणार नाही, मांडीवर घ्या. पुढे!"

पोट सुटलेल्या गृहस्थांनी आपण कोण आहोत ते सांगितलं. मिस्टरांनी ते आदराने ऐकून घेतलं आणि क्रमांक एकोणचाळीस दिला. आश्चर्य म्हणजे त्यांनी तो घेतला. तासाभरात धक्क्यावर एक सरळ रांग उभी होती. लोक आपापले तुकडे हातात धरून हसत बोलत होते. भांडणारी कुटुंबं एकमेकांना खायला देत होती. "यादीवाल्यांना विचारा," असं कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणू लागले. "यादीवाले, बोट कधी?" "यादीवाले, माझा तुकडा भिजला!" मिस्टरांना दुसरा तुकडा नोंद करून देताना घाम फुटला होता, टोपी तिरकी झाली होती, आणि ते इतके खुशीत होते की त्यांना आपण कुठे आहोत याचंच भान नव्हतं. बाई सामानावर बसून त्यांच्याकडे बघत होत्या.

बोट आली. तोच खलाशी फळीवर उभा राहिला.

"या वाऱ्यात छप्पन्न माणसं. एकही जास्त नाही. उरलेले उद्या."

"एक ते छप्पन्न, क्रमाने!" मिस्टरांनी पुकारा केला.

एकेक माणूस चढला. छप्पन्नावा चढला. मिस्टरांनी वहीवर शेवटची खूण केली आणि समाधानाने मागे वळले. धक्क्यावर फक्त बाई उरल्या होत्या.

"अहो," बाई म्हणाल्या, "आपले नंबर किती?"

मिस्टरांनी वही उघडली. वरून खाली पाहिलं. मग खालून वर पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"लिहायचे राहिले," ते म्हणाले.

त्यांनी पेन काढून यादीच्या तळाशी काळजीपूर्वक लिहिलं: सत्तावन्न, अठ्ठावन्न.

"अहो यादीवाले!" एकोणचाळीस क्रमांकाचे गृहस्थ बोटीतून ओरडले. "यादी तुम्ही केली. तुमच्यासाठी मी उतरतो, या!"

"तसं चालत नाही!" मिस्टर ओरडले. "यादी म्हणजे यादी!"

बोट सुटली. छप्पन्न माणसं हात हलवत होती, आजीबाई रुमाल हलवत होत्या, आणि वाऱ्यावरून 'यादीवाले, यादीवाले' असं बराच वेळ ऐकू येत राहिलं. मग धक्का अगदी रिकामा झाला.

मिस्टर बाईंकडे बघायचं टाळत होते. केंद्र उद्या उघडणार होतं. सात महिन्यांत एकही वर्ग न चुकवलेल्या बाईंचा वर्ग त्यांच्यामुळे बुडणार होता.

"फोन करा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच केला. "उद्या मी येणार नाही," त्या फोनवर म्हणाल्या. "नाही, तब्येत चांगली आहे. बोटीत जागा नाही. का? यादीत नाव खाली होतं म्हणून." एवढं बोलून त्यांनी फोन पिशवीत टाकला आणि हसू लागल्या. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मिस्टरांनी थोडा वेळ दुखावलेला चेहरा करून पाहिला, पण तो टिकेना.

भिंतीच्या आडोशाला ऊन होतं, वारा लागत नव्हता. बाई चपला काढून लाकडी बाकावर बसल्या. "पाचच मिनिटं टेकते," असं म्हणून त्यांनी मिस्टरांच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि पहिलं मिनिट संपायच्या आत त्या गाढ झोपल्या.

मिस्टर हलले नाहीत. अर्धा तास गेला. एक तास गेला. उजवा पाय बधिर झाला, मग तो आहे की नाही हेही कळेनासं झालं. एक पक्षी शेजारी येऊन बसला, त्याला त्यांनी नजरेनेच गप्प राहायला सांगितलं. बाईंच्या बोटांवर सुईचे बारीक बारीक डाग होते. खांदा सैल पडला होता. तोंड किंचित उघडं होतं. मिस्टरांनी आपली टोपी त्यांच्या डोळ्यांवर सावलीसारखी धरली आणि हात अवघडेपर्यंत धरून ठेवली.

दोन तासांनी बाई दचकून उठल्या. "किती वाजले?"

"असू दे. अगं, ऐक. हो म्हणून कळव."

"कशाला हो?"

"वर्षाला. संस्थेला."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "आणि तुम्ही?"

"मला इथे कामं आहेत. लोकांना रांगेत उभं राहता येत नाही, बघितलंस ना?" मिस्टर घसा साफ करून म्हणाले. "पण दोन अटी. दर दोन महिन्यांनी तू रजा घ्यायची. आणि होकाराचं पत्र मी लिहिणार. तुला अर्ज लिहिता येत नाही. तू एकदम मुद्द्यावर येतेस."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी चपला पायात सरकवल्या. "चला, मालकीणबाईंना सांगू, की आजची रात्र आहोत."

मिस्टर ऐटीत उठले आणि उजवा पाय जागेवर नसल्यामुळे लगेच बाकावर परत बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले.

"काय झालं?"

"मुंग्या आल्यात."

"कधीपासून?"

"झाले दोन तास."

बाईंनी कपाळाला हात लावला, पिशव्या खाली ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी बसून त्या पाय चोळू लागल्या. मिस्टर "आई गं" म्हणत होते, हसत होते, आणि मध्येच पत्राचा मायना तोंडी सांगत होते.